कडब्याचे दूध कोण करते?

ज्वारीच्या एका ताटाचे दोन वाटेकरी असतात. कणसातला दाणा माणसाच्या तव्यावर जातो आणि उरलेला कडबा गोठ्यातल्या गव्हाणीत पडतो. जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पारनेर या नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत रब्बीची ज्वारी पेरताना शेतकरी दाण्याइतकाच कडब्याचाही हिशेब मनात धरतो. वाण निवडताना दाणा किती उतरेल, हे विचारून झाले की लगेच दुसरा प्रश्न येतो : कडबा कसा आहे, जनावर आवडीने खाईल का? मालदांडी इतकी वर्षे टिकून राहिली ती काही नुसत्या भाकरीच्या गोडीवर नव्हे.

या वाटणीत एक गंमत आहे. दाण्यात मुख्यतः असतो तो पिष्टमय पदार्थ. शाळेच्या पुस्तकात त्याला स्टार्च म्हणतात. कडब्याच्या कांड्यांत आणि पात्यांत असते ते सेल्युलोज. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली झाडांच्या पेशींच्या भिंतींतून ते वेगळे काढून दाखवले. हे दोन्ही पदार्थ प्रयोगशाळेत पार शेवटपर्यंत फोडले तर हाती एकच वस्तू येते, ती म्हणजे ग्लुकोज नावाची साधी साखर. म्हणजे कडब्याच्या पेंढीत साखर दडलेली आहे, आणि ती काही थोडीथोडकी नाही. वाळलेल्या कडब्याच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा सेल्युलोजच असते. मग आपण कडबा का खात नाही? आपले दात कमजोर म्हणून? तसे नाही. कडब्याची कुट्टी करून, ती पिठासारखी दळून तिची भाकरी थापली, तरी पोट भरल्यासारखे वाटेल, अंगी मात्र काही लागणार नाही.

शिक्षक मंडळींनी वर्गात एक साधा प्रयोग करून पाहावा. मुलांना भाकरीचा एक घास तोंडात धरून, न गिळता, सावकाश दोन-तीन मिनिटे चावायला सांगावे. घास हळूहळू गोडसर लागू लागतो. लाळेतला पाचकरस पिष्टाचे तुकडे पाडून त्याची साखर करू लागतो, त्याची ही गोडी. आता स्वच्छ धुतलेली गवताची वाळली काडी चघळायला सांगा. पाच मिनिटे चघळली तरी काडी ती काडीच.

कारण दोघांत साखर एकच असली, तरी सांधा वेगळा आहे. दोन्ही पदार्थ म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांच्या लांबच लांब साखळ्या. पिष्टात साऱ्या कड्या एकाच बाजूला तोंड करून जोडलेल्या असतात. त्यामुळे साखळीला वेटोळी पडतात, ती सैल राहते, तिच्यात पाणी शिरते आणि पाचकरसही शिरतो. सेल्युलोजमध्ये एक कडी सुलटी, पुढची उलटी, अशी जोडणी असते. अशी साखळी ताठ सरळ राहते. मग अशा कितीतरी साखळ्या शेजारी शेजारी निजून एकमेकींना घट्ट धरून बसतात. घायपाताचे सुटे तंतू बोटाने तुटतात, पण त्यांचाच दोर वळला की त्याने बैल बांधता येतो, तसेच हे. इंजिनाच्या नटाला बरोबर मापाचा पाना लागतो. आपल्या लाळेत आणि आतड्यात सुलट्या सांध्याचा पाना आहे, उलट-सुलट सांध्याचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाईजवळ तो पाना असला पाहिजे. इथेच पुष्कळांचा समज चुकतो. गाईजवळही तो नाही. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, यांपैकी एकाच्याही शरीरात सेल्युलोज फोडणारा पाचकरस तयार होत नाही. कडबा गाय खाते हे खरे. पण तो पचवतात ते तिच्या पोटात वस्तीला असलेले जिवाणू. आपण गव्हाणीत वैरण टाकतो ती एका परीने गाईला नसून त्या अदृश्य बिऱ्हाडकरूंना टाकतो, आणि त्यांचे जेवण झाल्यावर जे उरते त्यावर गाय जगते. ही गोष्ट मनात पक्की धरली की गोठ्यातल्या पुष्कळ कोड्यांची उकल होते.

जंतू म्हटले की आपल्याला रोगराई आठवते. हे जंतू त्यांतले नव्हेत. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. त्यांतले कोटीपोट सर्वांत मोठे. शास्त्रीय पुस्तकात त्याला रुमेन म्हणतात. मोठ्या संकरित गाईचे कोटीपोट शंभर लिटरांहून अधिक मावेल एवढे असते. आपली देशी गाय अंगाने लहान, तिचे त्या मानाने कमी. डाव्या कुशीवर हाताची मूठ दाबून धरली तर ते मिनिटाला एक-दोनदा हलते, हे जाणत्या शेतकऱ्याला ठाऊक असते. आत ऊब असते सुमारे ३९ अंशांची, अंधार असतो, ओल असते आणि हवा जवळजवळ नसतेच. अशा त्या डेऱ्यातल्या एका मिलिलिटर रसात, म्हणजे वीसेक थेंबांत, हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. त्यांच्याखेरीज त्यांहून मोठे, सूक्ष्मदर्शकाखाली पळताना दिसणारे एकपेशीय प्राणी असतात. ते १८४३ साली पॅरिसमध्ये ग्रूबी आणि दलाफों या दोघांनी पाहिले. आणि बुरशीही असते. बिनहवेच्या जागी बुरशी जगते यावर शास्त्रज्ञांचा फार काळ विश्वास नव्हता. कॉलिन ऑर्पिन यांनी १९७५ साली इंग्लंडमध्ये ते दाखवून दिले. लाकूड फोडताना आधी पाचर मारतात ना, तशी ही बुरशी आपले तंतू कडब्याच्या कांड्यात घुसवून त्याला भेगा पाडते, आणि भेगांतून जिवाणू आत शिरतात.

हे जिवाणू हवेत आणले की मरतात. त्यामुळे त्यांना बाहेर वाढवून पाहणे हीच मोठी अडचण होती. अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी हवा पूर्ण काढून टाकलेल्या काचनळ्यांत ते वाढवण्याची रीत बसवली आणि सेल्युलोज फोडणारे जिवाणू एकेक करून वेगळे काढले. त्यांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ १९६६ साली निघाला. आज या क्षेत्रात जे काम चालते त्याचा पाया तोच.

वैरण कोटीपोटात गेली की काय होते ते आता पाहू. गाय घाईने खाते आणि निवांत बसून रवंथ करते. दिवसाचे सहा-सात तास तिचे रवंथातच जातात. वाळली वैरण खाणारी मोठी गाय दिवसाला शंभर लिटरांच्या आसपास लाळ गिळते, हे ऐकून नवल वाटेल. या लाळेत खाण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार असतात. त्यांचे महत्त्व पुढे येईलच. चावून बारीक झालेल्या काडीला जिवाणू जाऊन चिकटतात. चिकटल्याशिवाय त्यांचे काम होत नाही. मग ते आपले पाचकरस सोडून सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात, आणि सुटी झालेली साखर तिथल्या तिथे स्वतःच खाऊन टाकतात. गाईच्या वाट्याला साखर जवळजवळ येतच नाही!

पण कोटीपोटात हवा नाही. हवेशिवाय साखर पुरती जाळता येत नाही. चुलीला हवा कमी पडली की लाकूड धुमसते आणि कोळसा उरतो, तसे जिवाणूंचे होते. साखरेतली थोडीशी ताकद त्यांना मिळते आणि बाकीची आम्लांच्या रूपाने मागे राहते. ही आम्ले मुख्यतः तीन : ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. ॲसिटिक म्हणजे आपल्या ओळखीच्या शिरक्यातले आम्ल. कोटीपोटाच्या आतल्या अस्तरावर जाड टॉवेलासारखी लव असते, तिच्यातून ही आम्ले रक्तात जातात. गाईला मिळणाऱ्या एकूण ताकदीतले शंभरात साठ-सत्तर भाग या आम्लांतूनच येतात. राहिलेला वायू, कर्बद्विप्राणिद आणि मिथेन, गाय ढेकर देऊन बाहेर टाकते. ढेकर अडली की पोटफुगी.

ही आम्ले म्हणजे दूध धंद्याचा कणा आहे. ॲसिटिक आम्लापासून कासेत दुधाची स्निग्धता बनते. प्रोपिऑनिक आम्लापासून गाईचे यकृत साखर तयार करते आणि त्या साखरेपासून दुधातली साखर बनते. दुधाचे माप तिच्यावर ठरते. सेल्युलोजची, म्हणजे कडबा-गवताची वैरण जास्त असेल तर ॲसिटिक आम्ल जास्त निघते. दाणा, भरडा, कोंडा जास्त झाला तर प्रोपिऑनिक वाढते. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बांधतात. संकलन केंद्रावर फॅट घसरली की शेतकरी केंद्रचालकावर संशय घेतो, केंद्रचालक शेतकऱ्यावर पाण्याचा. पुष्कळ वेळा दोघेही निर्दोष असतात. दूध वाढावे म्हणून खुराक वाढवलेला असतो, लांब वैरण कमी केलेली असते, रवंथ घटलेले असते, आणि कोटीपोटात ॲसिटिक आम्ल करणारे जिवाणू मागे हटलेले असतात. गोठ्यात बसलेल्या दहा गाईंपैकी निम्म्याहून अधिक जर रवंथ करताना दिसत नसतील, तर फॅटचा दोष यंत्रात शोधण्याआधी गव्हाणीत शोधावा.

यापुढची गोष्ट जनावराच्या जिवाशी गाठ घालणारी आहे. खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीला रात्री सुटलेली गाय लागते. किंवा लग्न होते, भात, पोळ्या, बुंदी उरते, आणि 'अन्न वाया कशाला घालवायचे' म्हणून सारे घमेल्याने गाईपुढे ओततात. गाय आवडीने खाते. दुसऱ्या दिवशी ती चारा सोडते, रवंथ थांबते, पोट तट्ट होते, शेण पातळ आणि आंबूस वासाचे होते, डोळे खोल जातात, आणि वेळेवर इलाज झाला नाही तर ती पुन्हा उठत नाही. गावात म्हणतात, दृष्ट लागली, नाहीतर कोणी काही घातले. घातले आपणच, आणि ते विष नव्हते, ते पिष्ट होते.

घडते ते असे. कडबा सावकाश फुटतो. पिष्ट आणि साखर भराभर फुटतात. कोटीपोटात नेहमी थोड्या संख्येने असणाऱ्या एका जातीच्या जिवाणूंना हे आयते मिळाले की त्यांची संख्या तासातासाला वाढते, आणि ते लॅक्टिक आम्ल करू लागतात. हे आम्ल नेहमीच्या तीन आम्लांपेक्षा बरेच कडक. लाळेतला सोडा पुरा पडत नाही. आंबटपणा वाढला की कडबा पचवणारे जिवाणू आधी काम थांबवतात, मग मरतात; आंबटपणातच तग धरणारे तेवढे उरतात आणि आणखी आम्ल करतात. आम्लाने अस्तर भाजते, रक्तातले पाणी पोटात ओढले जाते आणि जनावर आतून वाळते. दळलेले पीठ किंवा शिजलेला भात अख्ख्या दाण्यापेक्षा अधिक घातक, कारण तो जिवाणूंना लवकर सापडतो. असे घडल्याचे कळले की दुखणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे. पहिल्या काही तासांत इलाज सोपा असतो. तोवर खुराक पूर्ण बंद ठेवून पुढ्यात फक्त वाळली वैरण टाकावी. आजार उतरल्यावर डॉक्टर कधी कधी निरोगी जनावराच्या कोटीपोटातला रस काढून आजाऱ्याला पाजतात. पाहणाऱ्याला किळस वाटते, पण तो रस म्हणजे विरजण आहे. दूध कितीही चांगले असले तरी विरजणाशिवाय दही लागत नाही.

दुष्काळात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. २०१२-१३ आणि पुन्हा २०१८-१९ च्या टंचाईत नगर जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. दक्षिणेकडच्या तालुक्यांत कडबा संपलेला, आणि उत्तरेकडे भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊस उभा. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून हा जिल्हा एका बाजूने उसाचा आणि दुसऱ्या बाजूने कुसळांचा. छावणीत येणारी वैरण बहुतेक उसाची. चार महिने सरमडाच्या काड्यांवर काढलेल्या जनावरापुढे पहिल्याच दिवशी हिरव्या, गोड उसाचा ढीग पडला, तर त्याच्या पोटातली जिवाणूंची वस्ती त्याला तयार नसते. जुनी वैरण खाणारे कमी व्हायला आणि नवी खाणारे वाढायला दहा ते पंधरा दिवस लागतात. म्हणून पहिले काही दिवस जुनी वैरण तीन हिस्से आणि नवी एक हिस्सा, मग निम्मी निम्मी, असे चढत जावे. जुनी वैरण मुळीच उरली नसेल तर नवी थोडी थोडी, दिवसातून अनेकदा द्यावी.

उसाच्या वाढ्यांची आणखी एक खोड आहे. त्यांत ऑक्झॅलेट नावाचा क्षार असतो, तो चुन्याला म्हणजे कॅल्शियमला धरून बसतो. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवले तर अंगातले कॅल्शियम कमी पडते. दुभत्या आणि गाभण गाईला त्याचा फटका पहिल्यांदा बसतो. हे ऑक्झॅलेट फोडणारे जिवाणूही कोटीपोटात असतात, पण त्यांनाही वाढायला सवड लागते. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, असे पशुवैद्य सांगतात ते याचसाठी. शिवाय क्षारमिश्रण रोज द्यावे.

सेल्युलोज सोडून थोडे बाजूला जातो, कारण उदाहरण मोठे बोलके आहे. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचा विषारी पदार्थ असतो. ऑस्ट्रेलियात त्या पाल्यावर गुरे ठेवली की त्यांचे केस गळत, गळ्याच्या ग्रंथी सुजत. हवाई बेटांतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने शेळ्यांऐवजी त्यांच्या पोटातल्या जिवाणूंकडे पाहिले. १९८० नंतरच्या वर्षांत ते जिवाणू ऑस्ट्रेलियात नेऊन गुरांच्या पोटात सोडले, आणि तीच गुरे तोच पाला पचवू लागली. गाय तीच, पाला तोच, बदलले ते फक्त बिऱ्हाडकरू.

आता कडब्याकडे परत येऊ. पिकून वाळलेल्या कडब्यात सेल्युलोज भरपूर, तरी त्यावर एकट्यावर जनावर का खंगते? दोन कारणे. ताट जून होत जाते तसे त्यात लिग्निन नावाचा चिकट, लाकडी पदार्थ भरतो. विटांच्या भिंतीत सिमेंट भरावे तसा तो सेल्युलोजभोवती बसतो, आणि बिनहवेच्या कोटीपोटात त्याला फोडणारे कोणी नाही. साखर कारखान्यातल्या चिपाडाने गाय पोसत नाही ते यामुळेच. गवत फुलोऱ्यात असताना कापावे हे जुने लोक सांगत, त्याचे मर्मही हेच. दुसरे कारण असे की, जिवाणूंनाही शरीर आहे आणि शरीराला प्रथिन लागते. कडब्यात ते फार थोडे. जिवाणू उपाशी तर सेल्युलोज तसेच शेणावाटे बाहेर. मूठभर पेंड घातली की गाय कडबाही जास्त खाते असे दिसते, ते पेंडीच्या चवीमुळे नव्हे. पेंडीने जिवाणूंची संख्या वाढते आणि कडबा लवकर फुटून जागा मोकळी होते.

हे जिवाणू एक असे काम करतात की जे माणसाला कधीच जमणार नाही. ते अमोनियासारख्या साध्या नत्रापासून प्रथिन तयार करतात. मग ते स्वतःच वाहत पुढे खऱ्या पोटात जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. दुधातल्या प्रथिनाचा मोठा भाग मूळचा जिवाणूंच्या अंगातला असतो. १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळालेले फिनलंडचे आर्तुरी व्हिर्तानेन यांनी पुढे १९६० नंतरच्या दशकात प्रथिन अजिबात नसलेल्या खाद्यावर, नुसता युरिया आणि अमोनियाचे क्षार देऊन गाई ठेवल्या, आणि त्यांनी दूध दिले.

युरियाची प्रक्रिया केलेली वैरण या तत्त्वावर आहे. १०० किलो वाळल्या वैरणीला ४ किलो युरिया, ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडून, दाबून, प्लॅस्टिकच्या कापडाखाली हवाबंद तीन आठवडे ठेवतात. आत सुटलेला अमोनिया लिग्निनची पकड सैल करतो आणि वैरणीत नत्रही भरतो. खायला देण्यापूर्वी वैरण काही वेळ मोकळी पसरून तिचा उग्र वास उडू द्यावा. पण सांभाळून! युरियाचे पाणी जनावराने प्यायले तर ते दगावते; सहा महिन्यांच्या आतल्या वासराला, तसेच घोडा-गाढवाला ही वैरण देऊ नये. पहिल्यांदा करताना बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसांकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे. ऐकीव मापावर जाऊ नये.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट पाण्यासाठी सर्वत्र सांगितली जाते. मला त्यातला गवताचा भाग तितकाच मोलाचा वाटतो. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने डोंगरावर मोकाट चराई बंद केली आणि गवत कापून गोठ्यात नेण्याची मुभा ठेवली. डोंगर पुन्हा गवताने भरले. १९९५ च्या सुमारास दिवसाला दीडशे लिटरांच्या आसपास असलेले गावचे दूध पुढे काही हजार लिटरांवर गेले. तो डोंगर माणसाच्या काय उपयोगाचा होता? कुसळाची एक काडी आपल्याला पचत नाही. माणसाला निरुपयोगी असलेले लाखो किलो सेल्युलोज कोटीपोटातल्या कारागिरांनी दुधात बदलले, म्हणून ते गावाला विकता आले.

वासराचा मात्र प्रकार निराळा. ते जन्मते तेव्हा त्याचे कोटीपोट रिकामे आणि मुठीएवढे असते. दूध पिताना घशाखालची एक पन्हळ मिटून दूध थेट खऱ्या पोटात जाते. गाय वासराला चाटते, वासरू आईच्या पुढ्यातली काडी ओढते, त्यातून जिवाणू त्याच्या पोटात येतात, आणि दोन-तीन महिन्यांत कारखाना उभा राहतो. दुसऱ्या आठवड्यापासून वासरापुढे थोडा चांगला मऊ चारा आणि भरडा ठेवावा तो यासाठी. नुसत्या दुधावर दीर्घकाळ वाढवलेले वासरू वरून गुटगुटीत दिसते, आतून मागे राहते.

पाथर्डी तालुक्यात मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तिथे कोणी गाढवाची लीद आणि गाईचे शेण शेजारी ठेवून पाहिले तर लिदीत काड्या स्पष्ट दिसतील. गाढवाला चार कप्पे नाहीत, रवंथ नाही. त्याचेही जिवाणू आहेत, पण ते मागे, मोठ्या आतड्यात. अन्न तिथवर जाते तेव्हा पचनाचा मुख्य रस्ता संपलेला असतो. त्यामुळे काम अपुरे होते आणि जिवाणू पचवून प्रथिन मिळवण्याची सोयही राहत नाही.

माणूस या बाबतीत गाईचा नव्हे, गाढवाचा भाऊबंद. रागावू नका, आपलेही बिऱ्हाडकरू मोठ्या आतड्यातच राहतात. ज्वारीच्या भाकरीतला कोंडा, भाजीतले तंतू, शिजून गार झालेल्या भातातले आणि शिळ्या भाकरीतले घट्ट बसलेले थोडे पिष्ट, असे जे आपल्या पाचकरसांना जमत नाही ते तिथवर पोहोचते. तिथले जिवाणू तीच तीन आम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न. ताकदीच्या दृष्टीने आपल्याला त्यातून दहाव्या हिश्शाच्या आतबाहेरच मिळते, म्हणून माणूस कडब्यावर जगणार नाही. पण अस्तर निरोगी राहते, शौचास साफ होते. मैद्याच्या पावावर आणि बिस्किटांवर वाढणाऱ्या मुलांच्या मोठ्या आतड्यापर्यंत त्या जिवाणूंना खायला फारसे काही पोहोचतच नाही.

ही आम्ले आतड्यात तयार झाली की त्यांच्याबरोबर मीठ आणि पाणी रक्तात ओढले जाते. त्याचा उपयोग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी २००० साली दाखवला. पटकीच्या रोग्यांना देण्याच्या मीठसाखरेच्या पाण्यात त्यांनी लहान आतड्यात न पचणारे मक्याचे पिष्ट मिसळले, आणि जुलाबावाटे जाणारे पाणी कमी झाले. रोग्याच्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना त्यांनी कामाला लावले होते.

बाळंतिणीच्या दुधात तर निसर्गाने याची तरतूदच केलेली आहे. आईच्या दुधात दुधातली साखर आणि स्निग्धता यांच्या खालोखाल भरतात त्या काही खास जुळलेल्या साखरा. लिटरभर दुधात त्या ५ ते १५ ग्रॅम असतात, आणि बाळाला त्या मुळीच पचत नाहीत! त्या बाळासाठी नाहीतच. बाळाच्या आतड्यात वस्तीला येणाऱ्या एका उपकारक जातीच्या जिवाणूंचे ते जेवण आहे. ते जिवाणू वाढले की रोगट जंतूंना जागा उरत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचे पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, यात त्या सर्वांत जास्त. तो चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध-पाणी चाटवायचे, ही रीत कुठे उरली असेल तर सुईणीने, आशाताईने आणि घरातल्या सासूबाईंनी मिळून ती मोडावी.

राहता राहिला कडधान्यांचा प्रश्न, ज्यावर पंगतीत हसू होते. मटकी, हुलगा, हरभरा, वाल खाल्ले की पोट गुडगुडते. या दाण्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्यांचा सांधा तोडायचा पाना आपल्याजवळ नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंजवळ आहे. ते त्यावर तुटून पडतात आणि वायू सुटतो. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून टाकले, आणि फडक्यात बांधून मोड आणले, तर या साखरा बऱ्याच कमी होतात, कारण अंकुर स्वतःच त्या खातो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालांचे आणि इतर गावरान कडधान्यांचे बियाणे जपून ठेवले, त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. असे वाण ताटात परत यायचे तर मोडाची मटकीही यायला हवी. ज्यांना उसळींची सवय सुटलेली आहे त्यांनी एकदम वाटीभर खाऊन पोटाला दोष देऊ नये. छावणीतल्या जनावरासारखेच करावे : पहिल्या आठवड्यात दोन चमचे, पुढच्या आठवड्यात थोडी जास्त, अशी ती पंधरा-वीस दिवसांत वाटीवर न्यावी. डॉक्टरांनी जंतुनाशक गोळ्यांचा कोर्स दिला असेल, तर त्या गोळ्यांनी आतड्यातले कामाचे जिवाणूही मरतात. तेव्हा कोर्स डॉक्टरांनी सांगितला तेवढा पुरा करावा, पण साध्या सर्दीपडशाला दुकानातून त्या गोळ्या आपल्या मनाने आणून घेऊ नयेत.